ठकूआयचं भांडण

आमच्या ग्रामदेवाच्या, भैरीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. सगळं मी या दोन डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता पाहिलेलं म्हणजे, गोष्ट फार वर्षांपूर्वीची, तेव्हा माझा आजा पाळण्यात होता, आणि पाळणा अजून सुताराकडेच होता. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी ज्यांना सांगितलं, त्यांच्या शेजारीच आमचं घर. म्हणजे पाहिल्यासारखंच झालं. पायरीवर हात ठेवला म्हणालो खरा, पण माझ्या एका हातात पान आहे नि दुसऱ्या हातात चुना. तरी ऐका.

फार वर्षांपूर्वीही आमचं तिवरखार गाव आज आहे तिथंच होतं. मागे डोंगर, पुढे खाडी, आणि दोहोंच्या मध्ये भातशेती. खाडीचं पाणी खारं, भाताला हवं गोडं. या दोघांची सोयरीक कधी जुळायची नाही, म्हणून मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांध आहे तर भात आहे, भात आहे तर गाव आहे. इतकं सरळ होतं सगळं.

पण बांधाला एक वळण होतं आणि त्या वळणाला एक खोड होती. श्रावणातल्या पुनवेला, नारळी पुनवेला, भर दुपारी खाडीला मोठं उधाण येतं. त्या उधाणात बांध नेमका वळणावर फुटायचा. एका वर्षी फुटला, लोकांनी बांधला. दुसऱ्या वर्षी फुटला, लोकांनी कुरकुरत बांधला. मग तो दरवर्षीच फुटायला लागला. हिरवंगार भात खाऱ्या पाण्यात उभं राहायचं आणि जळून पिवळं पडायचं. असं म्हणतात, की त्या दिवसांत आमच्याकडे पेजेत मीठ घालावं लागत नसे. तांदूळही फारसा घालायला नसे, ते सोडा.

शेवटी गाव थकलं. गावचे मानकरी दाजी गावकर. मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या रागाचे गृहस्थ. त्यांनी देवळात बैठक घेतली आणि ठरलं, की यंदा बांध फुटला तर गाव उठवायचं. भैरीला पालखीत घालून डोंगरापलीकडे न्यायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या सोयऱ्यांकडे जायचं. बायकांनी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. वळणावर यंदाही माती टाकली, पण कशी? मन उडालेल्या माणसानं टाकावी तशी. एरवी माती टाकली की ती तुडवायची, पुन्हा टाकायची, पुन्हा तुडवायची, दगडासारखी होईपर्यंत. यंदा टोपल्या ओतल्या आणि मंडळी घरी गेली. त्या मातीवरून कुत्रं चाललं तर पोटापर्यंत रुतायचं.

गाव उठणार म्हटल्यावर सगळेच हळहळले. पण एक बाई सगळ्यांत जास्त. ती ठकूआय.

ठकूआय म्हणजे काठीएवढी बारीक म्हातारी, पण आवाज असा, की तिनं सकाळी कोंबड्यांना हाक मारली तर खाडीपलीकडच्या गावातल्या कोंबड्या पोहत यायच्या. असं म्हणतात. म्हणणाऱ्यांत मी एक, पण दुसरेही आहेत. तिला नवरा नव्हता, जमीन होती वीतभर, आणि एकुलता एक मुलगा होता जानू. तो गलबतावर खलाशी होऊन लांबच्या बंदरांना गेला होता. जाताना म्हणाला होता, "येतो गो आये." मग एक दिवाळी गेली, दुसरी गेली. गलबत आलं नाही, निरोपही आला नाही. लोक ठकूआयसमोर त्याचं नाव घेईनासे झाले. ती मात्र रोज तिन्हीसांजेला खाडीकडे तोंड करून चूल पेटवायची. का, तर जानूला आपल्या घराचा धूर ओळखता येतो म्हणून.

आता गाव उठलं, तर धूर कसला आणि घर कसलं? पोरगा खाडीतून येईल, बघेल तर ओसाड माळ. त्याला कोण सांगणार, की तुझी आई अमक्या डोंगरामागे तमक्याच्या पडवीत बसली आहे? ठकूआयचा जीव एवढ्या एका गोष्टीत अडकला होता.

गाव उठवायच्या आधी देवाला विचारायला हवं. आमच्याकडे देवाला विचारतात ते कौल लावून. मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. उजवी म्हणजे देवाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. या फरकापायी आमच्याकडे एक ठरलेलं लग्न मोडलं आहे, पण ती गोष्ट खोटी आहे, ती मी सांगत नाही.

तर सगळं गाव देवळात जमलं. तातू गुरवानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाण्याला सूर लावला.

"बा देवा भैरी म्हाराजा! तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आलीत!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"यंदाच्या उधाणात वळणावरचा बांध टिकंल काय, ते सांग!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझा जानू घरी येल काय, तेपण सांग!" हा आवाज मागून, खांबाआडून आला.

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळं गाव ओरडलं, आणि मग सगळ्यांनी माना वळवल्या.

दाजी गावकर लाल झाले. "ठकूआय, हे गावाचं गाऱ्हाणं हाय. त्यात तुझं घरचं कशाला घातलंस?"

"मी काय गावात नाय राहत, दाज्या? आणि देवाला काय दोन कान नायत? एकानं तुमचं ऐकील, एकानं माझं."

बोललेलं परत घेता येत नाही, आणि गाव तर होकार देऊन बसलं होतं. सगळे कळ्यांकडे बघत राहिले. कळी पडेना. पोरं रडायला लागली, म्हातारे पेंगायला लागले, तातू गुरवाचे जोडलेले हात भरून आले. देव काही बोलेना. असं म्हणतात, की त्या दिवशी देवालाही पेच पडला होता.

इतक्यात वरच्या वाशावरून एक पाल पतंगाच्या मागे धावली, तिचा पाय सुटला, ती पट्‌कन देवाच्या खांद्यावर पडली आणि सरसर उतरून गेली. जाता जाता उजवी कळी खाली पाडून गेली.

देवळात जो गोंधळ माजला, तो काही विचारू नका.

"हा कौल नव्हं!" दाजी गरजले. "कळी पालीनं पाडलान, देवानं नाय!"

"पाल कुणाची?" ठकूआयनं विचारलं.

"कुणाची म्हंजे?"

"कुणाच्या घरातली?"

"देवळातली."

"मग देवाची. तुझ्या घरातली असती, तर मीपण कौल नसता धरला."

सगळ्यांनी तातू गुरवाकडे बघितलं. तातू म्हणाला, "मी बापडा कळ्या चिकटवतो. पालींचं मला कोणी शिकवलेलं नाय." आणि घंटेमागे जाऊन उभा राहिला.

गावानं तो कौल धरला नाही. साध्या माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. विश्वासाची पाल चुकचुकली अशी ठकूआय एकटीच. ती देवासमोर गेली, पडलेली कळी उचलून तिनं केसांत खोवली आणि म्हणाली, "दिलास ना शब्द? मग झालं." आणि घरी गेली.

पुनवेला थोडे दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बघतात तर ठकूआयच्या घरी चूल नाही. चूल कुठं? तर बांधाच्या वळणावर! म्हातारीनं तीन दगड तिथं मांडले होते. बाजूला मडकं, सुकी लाकडं, पावसाला डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं, आणि चार कोंबड्या. स्वतः त्या मऊ चिखलात फळी टाकून तिच्यावर बसली होती.

"आये, काय मांडलंयस हे?" दाजी धावत आले. धावत म्हणजे, गुडघाभर रुतत आले.

"देवानं सांगितलान, बांध टिकणार. मग घरी बसले काय नि इथं बसले काय!"

"आणि नाय टिकला तर?"

"तर भैरीला जाऊन सांग, की तुझ्या शब्दावर बसलेली बाई बुडाली. बघू काय तोंड दाखवतो."

दाजींना राग आला. राग आला की पाय आपटायची त्यांची लहानपणापासूनची सवय. त्यांनी पाय आपटला, तो रुतला, तो काढून त्यांनी दुसरा आपटला. "चल घरी!" धप्प. "नाय येत!" "म्हातारे, ऐक!" धप्प. "नाय ऐकत!" असं दुपारपर्यंत चाललं. मग दाजी घरी जाऊन जेवले आणि चार माणसं घेऊन परत आले.

आता तुम्ही म्हणाल, उचलून का नेली नाही? प्रयत्न झाला. पण ठकूआयनं तो आवाज काढला, आणि असं म्हणतात, की उचलणाऱ्या गड्यांचे कान पुढल्या शिमग्यापर्यंत वाजत होते. आणि सोडून तरी कशी देणार? सणाच्या दिवशी गावची म्हातारी उधाणात गेली, तर तोंडाला कायमचं काळं. म्हणून रोज गाव बांधावर जायला लागलं. आधी समजूत, मग विनवणी, मग भांडण. ठकूआयचा एक हट्ट होता, की माझ्याशी बोलायचं तर माझ्यापर्यंत या, लांबून ओरडायचं नाही. त्यामुळे सगळे वळणावर. भांडण एकदा सुरू झालं की ते एका विषयावर राहत नाही. म्हातारीला घरी न्यायला आलेले दोन भाऊ आपापसांत वाटणीवरून भांडले. दोन विहिणी मानपानावरून भांडल्या. गावात इतकी वर्षं दबून राहिलेलं जे जे होतं, ते सगळं त्या वळणावर निघालं. माणसं हातवारे करत होती, पुढे सरत होती, मागे हटत होती, पाय आपटत होती. पाऊस पडायचा, मग इरली घेऊन भांडत होती. असं म्हणतात, की खाडीपलीकडून लोक होड्या करून बघायला यायचे आणि एकानं तिथं चणे-फुटाण्यांचं दुकान टाकलं होतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी भामी आली. भामी म्हणजे ठकूआयची शेजारीण. दोघींच्या कुंपणावर एक फणस होता, आणि त्या फणसावरून दोघींचं बोलणं इतकी वर्षं बंद होतं, की फणसही बिचारा दोन्हीकडे सारखीच फळं धरायचा. भामी येऊन तोंड वळवून उभी राहिली आणि म्हणाली,

"मी तुझ्याशी बोलायला आले नाय. फणस माझा हाय, एवढं सांगायला आलेय. तू बुडालीस तर मग कुणाला सांगू?"

"तुझा कसला! मूळ माझ्या अंगणात हाय."

"आणि गरे कुणाच्या अंगणात पडतात?"

हे बराच वेळ चाललं. मग पावसाची सर आली, लोक पांगले, आणि इरलं एकच होतं. दोघी त्याच्याखाली दाटीवाटीनं बसल्या. थोड्या वेळानं ठकूआय हळू आवाजात बोलली. तिला हळू आवाज आहे, हे भामीला त्या दिवशी कळलं.

"भामे, भीती वाटते गो."

"मग चल की घरी."

"घरी बसले की जास्त वाटते. तिथं नुसती भीतीच असते. इथं देवाचा शब्द तरी हाय बुडाखाली."

भामीनं इरलं तिच्या बाजूला जरा ओढलं. ती घरी गेली नाही, तिथंच बसली. आणि दुसऱ्या दिवशी भामीला न्यायला तिची पाच मुलं, सुना, नातवंडं असं खटलं आलं. म्हणजे आणखी पाय.

उजाडली पुनव. सगळं गाव वळणावर. दोन म्हाताऱ्यांना आता तरी उठवायचं म्हणून शेवटचं आणि सगळ्यांत मोठं भांडण पेटलं होतं. भांडणाच्या भरात सूर्य डोक्यावर आला, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा उशीर झाला होता.

खाडी फुगली. असं म्हणतात, की असं उधाण त्याआधी आलं नाही आणि त्यानंतर येणार नाही. पाणी बांधाच्या कडेला टेकलं. मासे बांधावरून डोकं काढून आत भात किती आलंय ते बघायला लागले. एक खेकडा तर दाजींच्या पायावर चढून बसला, कारण त्याला तीच जागा कोरडी वाटली. पळायला वाट उरली नाही. लोक एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. मघाशी ज्याच्या मानेला हात घालायचा होता, त्याच्या खांद्यावर हात गेले. तातू गुरव रडवेल्या आवाजात ओरडला, "बा देवा म्हाराजा!" आणि सगळं गाव, पाय आपटत, जिवाच्या आकांतानं ओरडलं, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत वरचा आवाज कोणाचा, ते सांगायला नको. असं म्हणतात, की तो ऐकून पाणी दचकलं, थबकलं, त्यानं क्षणभर विचार केला आणि आल्या वाटेनं ते मागे फिरलं.

कोणी हललं नाही. काय झालं, ते कोणाला कळलंच नाही. तातू गुरवाच्या हातात खाडीला वाहायचा, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ होता. तो निसटला, वळणाच्या मातीवर पडला आणि फट्‌कन फुटला. दोन शकलं झाली.

सगळे त्या शकलांकडे बघत राहिले. जिथं कुत्रं पोटापर्यंत रुतायचं, तिथं नारळ फुटला होता.

"बांध चोपलान कोणी?" दाजी पुटपुटले.

"तूच की," भामी म्हणाली. "इतके दिस नाचत नव्हतास?"

मग एकेकानं खाली बघितलं. प्रत्येकाचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. आणि खरं सांगतो, सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते ठकूआयला. ती फळीवरून उतरली, वाकली, मातीवर बोटानं ठोकून बघितलं आणि देवळाकडे बघून म्हणाली, "असं करणार होतास होय? मग आधी सांगायचंस!"

तेवढ्यात खाडीत शीड दिसलं. उधाणाच्या पाठीवर बसून एक गलबत आलं ते सरळ बांधाला येऊन लागलं. त्यातून जानूनं उडी टाकली. गर्दी बघून म्हणाला, "आये, जत्रा कसली?" ठकूआय म्हणाली, "तुला ओरडायला जमलीत सगळी. पाय धू आणि जेवायला चल."

गाव उठलं नाही. आजही तिवरखार तिथंच आहे. नारळी पुनवेच्या आदल्या दिवसापासून सगळं गाव वळणावर जातं. त्याला आम्ही ठकूआयचं भांडण म्हणतो. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई फळी टाकून बसते. मानकरी म्हणतो, "चल घरी!" ती म्हणते, "नाय येत!" मग ज्याचं ज्याच्याशी वर्षभराचं साठलं असेल त्यानं ते तिथं काढायचं, पाय आपटत आणि जवळ जाऊन. लांबून ओरडणं चालत नाही. मुंबईची मंडळी रजा काढून भांडायला येतात. पुनवेच्या दुपारी गुरव वळणावर नारळ टाकतो. फुटला तर भांडण संपलं, शकलं दोघांनी वाटून खायची. नाही फुटला तर पुन्हा सुरू. आणि आमच्या देवळात पालीला कोणी हुसकत नाही.

आता कबुली. तुमच्यात कोणी खलाशाच्या घरातला असेल, तर तो मघापासून गालात हसत असणार. भर श्रावणात गलबत येईल कुठून? पावसाळाभर ती किनाऱ्याला झाकून ठेवलेली असतात. तर मासे खरे, खेकडा खरा, चणेवालाही जवळपास खराच. पण जानू त्या दुपारी आला, हे मी घातलं. म्हातारी बांधावर उभी राहून खाडीकडे बघते आहे आणि खाडी रिकामी आहे, हे माझ्याच्यानं सांगवत नाही.

जुनी माणसं सांगतात ते असं. बांध टिकला, लोक घरी गेले, आणि ठकूआयनं तिन्हीसांजेला खाडीकडे तोंड करून चूल पेटवली. दुसऱ्या दिवशीही पेटवली. कोणीतरी म्हणालं, "आये, देवानं अर्धाच शब्द पाळलान." ती म्हणाली, "येल म्हणालाय. कधी येल, ते मी विचारलंय कुठं?"

जानू आला तो पुष्कळ वर्षांनी. उधाण नव्हतं, ओहोटी होती, एका साध्याशा दिवशी, भाड्याच्या होडीतून. दाढी पांढरी झालेली, गुडघाभर गाळ तुडवत. गाव होतं तिथंच होतं. बांध होता. धूर होता. पार वाकलेली ठकूआय भामीबरोबर अंगणात फणस फोडत बसली होती. तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि भामीला म्हणाली, "सरक जरा. पोरग्याला बसायला जागा कर."

म्हणून नारळ फुटल्यावर, शकलं वाटण्याआधी, आमचा गुरव आजही एक शेवटचं गाऱ्हाणं घालतो, आणि हे मात्र मी रचलेलं नाही, खरोखर पायरीवर हात ठेवून सांगतो, पान संपलंय माझं.

"बा देवा भैरी म्हाराजा! तू येल म्हणालास, ते येल. कधी, ते आम्ही विचारणार नाय!"

"व्हय म्हाराजा!"